व्हर्न हकालाचा घरातला पहिला बर्फाचा दिवस

व्हर्न हकालाला नातवंडं झाली, एक गुडघा बदलून झाला, बायको जाऊन दोन हिवाळे उलटले, तरी शाळा बंद पडावी इतका बर्फ पडलेला एकही दिवस त्याने घरात काढलेला नव्हता. यात अतिशयोक्ती नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियर सरोवराच्या काठावर बर्फ पडतो म्हणजे खालच्या मजल्याच्या खिडक्या बुजतात, आणि तो रस्त्यावरून ढकलणं हेच ज्याचं काम, तो माणूस अशा दिवशी घरी कसा सापडेल? व्हर्नने उमेदीची सगळी वर्षं काउंटीच्या ट्रकवर काढली. पुढे छातीइतकं उंच पातं, मागे वाळू-मिठाची टाकी, शेजारच्या सीटवर कॉफीचा थर्मास. लोक कूस बदलत असायचे तेव्हा हा टेकडीच्या रस्त्याला लागलेला असायचा, आणि संध्याकाळी परत आला की बशीवर मान टाकून झोपायचा. निवृत्त झाला तो यंदाच.

त्यामुळे अशा दिवशी घरात काय चालतं याची त्याला गंधवार्ता नव्हती. टेबलावर कधी कापसाचा ससा दिसायचा, कधी अंड्यांच्या खोक्यातून कापलेलं कासव, कधी खिडकीला चिकटवलेली कागदाची फुलं. तो "हं" म्हणायचा आणि आत जायचा. या वस्तू अळंब्यांसारख्या आपोआप उगवतात अशीच त्याची समजूत असावी. त्यांच्यामागे त्याची बायको मार्लीन दिवसभर दोन पोरांना घेऊन, गोंदाने बरबटून, घसा बसेपर्यंत बोलत बसलेली असायची, हे त्याला तिच्या मागे कळलं. पुरुषांना बऱ्याच गोष्टी बायकांच्या मागेच कळतात. त्याला इलाज नाही.

मुलगा टेक्सासला गेला. मुलगी हायडी गावातच राहिली. पुलापलीकडच्या हॉस्पिटलात ती रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. तिचा नवरा कायल सरोवरातल्या मालवाहू जहाजांवर असतो, आणि हिवाळ्यात जहाजं गोदीला लागली की दुरुस्तीसाठी विस्कॉन्सिनला जाऊन राहतो. म्हणजे बर्फाच्या दिवसांत हायडी एकटी. तिची दोन पोरं सांभाळणारी बाई होती, ती यंदा थंडीला कंटाळून मुलाकडे ॲरिझोनाला गेली. तेव्हापासून कायलच्या आईचे, शॅरनबाईंचे, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेहून फोन सुरू झाले. इकडे या, इकडच्या हॉस्पिटलात जागा आहे, पोरांना बघायला मी आहे. हायडी टोलवत होती, पण तिचा टोला दिवसेंदिवस मऊ पडत चालला होता, आणि व्हर्नला ते ऐकू येत होतं.

"शाळा बंद झाली की पोरं माझ्याकडे सोड," तो एकदा म्हणाला.

"तुझ्याकडे?"

"का? मी काय लांडगा आहे?"

"लांडगा पोरांकडे बघतो तरी, डॅड."

तर जानेवारीतल्या त्या सकाळी रेडिओवर सगळ्या शाळा बंद असल्याचं सांगितलं, आणि अंधारातच हायडी दोन गाठोडी घेऊन दारात उभी राहिली. एका गाठोड्यातून ब्रेना निघाली. ती दुसरीत, पुढचे दोन दात पडलेले, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. दुसऱ्यातून एमेट. तो तीन वर्षांचा, आणि दिसेल ते तोंडात घालणारा.

"टीव्ही लावून बसवायचं नाही," हायडी म्हणाली.

"मग करायचं काय?"

"आई काय करायची?"

हायडीने गळपट्टा घट्ट केला. "आज संध्याकाळी मी शॅरनला हो की नाही ते सांगणार आहे. त्यांनी जागा अडवून ठेवलीय, आता आणखी ताटकळत ठेवणं बरं नाही." एवढं बोलून ती गेली. तिने आणखी काही सांगायची गरज नव्हती. गाडीचे लाल दिवे बर्फात विरून गेले, आणि व्हर्नला वाटलं, आपण ब्रेक लागत नसलेल्या ट्रकमध्ये बसलोय.

मार्लीनचं हस्तकलेचं खोकं कपाटात होतं. रंगीत कागद, कात्र्या, लोकरीचे तुकडे, आटत आलेला गोंद. ब्रेनाने कागदाची बर्फफुलं करायची ठरवलं. कागदाच्या घड्या घालायच्या, कडेने नक्षी कापायची, उलगडलं की फूल. व्हर्नची बोटं कात्रीच्या भोकात शिरेनात, म्हणून तो तळघरातून पत्रा कापायची कात्री घेऊन आला. घडीच्या ज्या बाजूला अजिबात हात लावायचा नसतो ती बाजूच त्याने साफ उडवली, आणि उलगडताना फुलाच्या जागी सहा चिंध्या टेबलावर पडल्या.

"उक्की, हे काय?" ब्रेनाने विचारलं. आजोबांना हकालांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उक्की म्हणतात, आणि आजीला मुम्मू.

"वादळ," व्हर्न म्हणाला.

पोरगी खो-खो हसली, तिने त्या चिंध्या खिडकीला चिकटवल्या, आणि त्याला जरा बरं वाटलं. मग त्याला स्वतःला एक गोष्ट सुचली. दुधाच्या प्लास्टिकच्या मोठ्या कॅनला जी गोलाई असते ती हुबेहूब ट्रकच्या पात्याची. त्याने एक पट्टी कापली, चपलांच्या खोक्याला पुढे चिकटवली, कॉफीच्या डब्यांची झाकणं चाकं म्हणून लावली. एमेटने आनंदाने किंचाळून तो ट्रक ताब्यात घेतला. आता ट्रक आला म्हणजे बर्फ हवा. व्हर्नने टेबलावर पीठ ओतलं. पसाभर ओतून त्याचं समाधान होईना, कारण पसाभर बर्फाला आमच्याकडे बर्फ म्हणत नाहीत. अर्धी पिशवी रिकामी झाली.

"पात्याला थोडा कोन दे," तो एमेटला शिकवू लागला. "सरळ ढकललास तर पुढे ढीग होतो. बाजूला गेला पाहिजे. हां! आता मागे घे, आणि मागे घेताना भोंगा वाजव."

"पीं पीं पीं," एमेट म्हणाला, आणि पीठ जमिनीवर, खुर्च्यांवर, व्हर्नच्या भुवयांवर गेलं.

इतका वेळ ठीक चाललं होतं, आणि गोंधळ माणसाच्या हातून अशाच वेळी होतो. ब्रेना म्हणाली, एवढं पीठ सांडलंच आहे तर त्यात मीठ घालून मळू या, मुम्मू करायची तसं. मग त्याचे आकार करायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे आणि रंगवायचे. प्रमाण कोणालाच माहीत नव्हतं. व्हर्नने शेजारच्या लेम्पीला फोन लावला. लेम्पी ऐंशीच्या घरातली, विधवा, मार्लीनची जन्माची मैत्रीण.

"दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, पाणी बेताने," लेम्पी म्हणाली. "आणि मळायचं पोरांनी. तू मळलंस तर वीट होईल. मीठ आहे ना घरात?"

"लेम्पी, मला विचारतेस मीठ आहे का? या तालुक्याला आयुष्यभर मीठ कोणी घातलं?"

घरात मीठ नव्हतं. रक्तदाबापायी मार्लीननेच ते हद्दपार केलं होतं, आणि मिठाच्या भांड्याच्या तळाशी चार दाणे खडखडत होते. पण पोर्चवर बादलीभर होतं. पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायला ठेवतात ते, साबुदाण्यासारखं पांढरं, गोल. ते साध्या मिठापेक्षा जहाल असतं, कडाक्याच्या थंडीतही काम करतं, हे व्हर्नला पक्कं ठाऊक होतं. पण आयुष्यभर जाड हातमोजे घालून ज्याने ते फावड्याने उचललं, त्याच्या लेखी ते मीठच. शिवाय खायचं थोडंच होतं? त्याने वाटी भरून आणलं, पाण्यासकट पिठात घातलं आणि पोरांपुढे ठेवलं. दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस ही चूक करता ना, कारण त्याच्या दाराशी असली बादलीच नसती.

"उक्की," थोड्या वेळाने ब्रेना म्हणाली, "पिठाला ताप आलाय."

व्हर्नने हात लावून पाहिलं. गोळा चांगलाच गरम होता, वाफ निघेल इतका. ते मीठ पाण्यात पडलं की तापतं. बर्फावर टाकून कधी ते हाताला कळलं नव्हतं. त्याला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा कौतुकही. आता एमेटच्या बाजूने पाहा. त्याच्या आयुष्यात मळलेला, पांढरा, ऊनऊन गोळा एकच. वेलदोडा घातलेला गोड पाव, नीसू, जो ओव्हनमध्ये जायच्या आधी त्याची आई त्याला चिमूटभर चाखायला देते. व्हर्न हात पुसायला वळला तेवढ्यात पोराने मोठा घास घेतला.

आधी काहीच आवाज आला नाही. मग जो आला तो लेम्पीच्या घरापर्यंत गेला असेल. पोर जीभ बाहेर काढून किंचाळत होतं, लाळ गळत होती, ओठ लालबुंद झाले होते. व्हर्नने बोट घालून तोंडातलं काढलं, त्याला बखोटीला धरून नळाखाली नेलं. एकदा बर्फात त्याचा ट्रक उलटला होता, तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

"उक्की, नंबर फ्रिजवर आहे," ब्रेना म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. "विष पोटात गेलं की लावायचा. आम्हाला शाळेत शिकवलाय."

पलीकडून एका बाईचा आवाज आला, शांत, भाजीचा भाव विचारावा तसा.

"काय खाल्लं, सर?"

"मीठ. बर्फावर टाकायचं. पिठात मळलेलं. मीच मळून दिलं."

"बादलीवर काय लिहिलंय, वाचता येईल?"

त्याने फोनसकट पोर्चवर जाऊन बादलीवरचा बर्फ बाहीने पुसला आणि अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं.

"ठीक. किती खाल्लं?"

"एक घास. थुंकवलं बरंचसं."

"वजन किती बाळाचं?"

व्हर्नला माहीत नव्हतं. ब्रेनाला होतं, आणि तिने ते मोठ्याने सांगितलं. बाईंनी मग एकेक विचारलं. गिळतोय का? श्वास नीट आहे? आवाज घोगरा झालाय? तोंडात पांढरे चट्टे? व्हर्न पोराचं तोंड उघडून बघत होता आणि नाही, नाही म्हणत होता, आणि प्रत्येक 'नाही'बरोबर त्याच्या छातीवरचा एक धोंडा उतरत होता.

"मग घाबरू नका," बाई म्हणाल्या. "तोंड पुन्हा धुवा, दूध पाजा थोडं थोडं. ओकारी काढायची नाही. एवढ्याने जीभ झोंबते, दुसरं काही होत नाही. दोन्ही पोरांचे हात साबणाने धुवा. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, फोड आला किंवा गिळेनासा झाला तर परत फोन करा. मी एका तासाने करतेच. आणि सर—"

"काय?"

"तुम्हीही पाणी प्या."

एमेट दूध प्यायला. हुंदके देत देत प्यायला, मग नुसता प्यायला, मग कप उलटा करून "आणि" म्हणाला. व्हर्न पिठाने भरलेल्या जमिनीवरच बसला, पोराला मांडीवर घेऊन. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्याला कळलं. पण भांडं अजून हलत होतं.

ब्रेना समोर येऊन उकिडवी बसली. "उक्की, ममाला सांगायचं नाही ना?"

व्हर्नने एमेटच्या हनुवटीवरचं दूध बाहीने पुसलं.

"सांगितलं तर आपण ग्रीन बेला जाणार. शॅरन आजीकडे सगळ्या खुर्च्यांना प्लास्टिक आहे. मी नाही सांगणार. एमेटला नीट बोलता येतच नाही."

पोरीने वकिलासारखी बाजू मांडली होती. गोळा मागच्या दाराबाहेर फेकला तर संध्याकाळपर्यंत त्यावर हातभर बर्फ चढला असता, आणि एप्रिलपर्यंत देवालाही सापडला नसता. जमीन पुसता आली असती. पोर तर आत्ताच ट्रककडे हात करत होतं. आणि न सांगण्यात व्हर्नचा हात कोणी धरला नसता, आयुष्यभराचा सराव होता. दुसरीकडे, सांगायचं म्हणजे शॅरनबाईंना आपल्या हाताने हो म्हणून टाकायचं. मग घर रिकामं. रविवारी जेवायला एक ताट.

पण रात्री पोर आईपाशी झोपणार होतं. रात्री फोड आला तर? तिला कशाचा म्हणून कळणार? आणि ही सात वर्षांची मुलगी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आपण आता काय शिकायचं ते ठरवायला.

"फोन दे इकडे," तो म्हणाला.

हॉस्पिटलात हायडीला फोनवर बोलवायला वेळ लागला. तिचा आवाज आला तोच ताठ. "काय झालं?"

त्याने सांगितलं. आडपडदा न ठेवता, बादलीपासून घासापर्यंत. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"फोड?"

"नाही. दोनदा बघितलं."

"गिळतोय?"

"तिसरा कप दूध चाललंय."

"बर्फावरचं मीठ, डॅड? तू? दुसऱ्या कोणी केलं असतं तर गोष्ट वेगळी. तुला त्या बादलीवरचं वाचायला काय झालं होतं?"

"आजवर कधी वाचलं नव्हतं."

"आधी फोन कोणाला केलास?"

"विषवाल्यांना."

"मग?"

"मग तुला. त्यांचा ठेवला, पोराला दूध पाजलं, आणि तुला."

मग हायडी म्हणाली, "तू ट्रक दरीत घातलास तेव्हा आम्हाला कधी कळलं, आठवतंय?"

"दरी नव्हती ती. खड्डा होता."

"चार दिवसांनी कळलं. तेही लेम्पीकडून. बरगड्या मोडलेल्या, आणि आईला सांगत होतास खोकला झालाय. आई स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती. बरगड्यांसाठी नाही." ती थांबली. "ठेवते. नमुने आलेत."

यातून काय समजायचं ते व्हर्नला कळेना. दुपार त्याने त्या टांगणीवरच काढली. विषवाल्या बाईंचा कबूल केल्याप्रमाणे फोन आला, सगळं ठीक म्हणून त्यांनी ठेवला. त्याने लेम्पीला खरं खाण्याचं मीठ मागितलं, आणि ती म्हातारी बर्फात चालायचे रुंद बूट बांधून, कोटाच्या खिशात पुडा घालून स्वतः हजर झाली.

"पोराला रस्ता समजलास की काय?" दारातूनच ती म्हणाली.

"बोल, बोल. तुझा दिवस आहे."

"माझाच आहे. मार्लीन असती तर तिने तुला पायरीवर मिठासारखं पसरलं असतं." मग तिने एमेटचं तोंड उघडून पाहिलं, आपल्या हाताने कॉफी केली आणि पोरांना दुसरा गोळा मळून दिला. या गोळ्याला ताप आला नाही. ब्रेनाने घुबड केलं, मग घुबडाची पिल्लं. एमेटने पोळी थापली आणि तिच्यावर ट्रक फिरवला. व्हर्नला लेम्पीने एक गोळी दिली, "आंगठा दाब नुसता, तेवढं तरी जमेल." त्याने दाबला. ओव्हनमधून निघालं ते बशीएवढं खोल निघालं, आणि ब्रेनाने त्यात आपल्या पडलेल्या दातांसाठी जागा राखून ठेवली.

हायडी अंधार पडता पडता आली, भुवयांवर बर्फ, बूट न काढताच. आधी एमेटला उचलून दिव्याखाली नेलं, छोट्या टॉर्चने जीभ, गाल, टाळू, सगळं पाहिलं. एमेटने तिला ट्रकबद्दल लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यातलं "पीं पीं" तेवढं समजलं. मग तिने स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. फटींत पीठ, खिडकीला सहा चिंध्या, ओळीने घुबडं. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बापाची मुलगी.

"खाणार काही?" व्हर्नने विचारलं. "पास्ती गरम आहे. लेम्पीने आणलीय, मी हात लावलेला नाही."

"आधी फोन."

ती बैठकीत गेली. दार लोटलं, पण त्या घराची दारं नीट लागत नाहीत. व्हर्न फडक्याने टेबलाचा तोच कोपरा परत परत पुसत राहिला.

"शॅरन? हो, हायडी... हो, फार पडतोय. नाही, तसं काही नाही... नाही म्हणूनच फोन केला. आम्ही इथेच राहतोय... हो, डॅडकडे." मग बराच वेळ पलीकडचं ऐकणं. "खरंय तुमचं. नाही येत त्याला काही. आज तर विचारूच नका काय केलंय ते... नाही, शॅरन, ऐका. चुकला तर सांगतो. मला तेवढं पुरतं."

व्हर्न खुर्चीत बसला. सबंध दिवस कुठेतरी अडकून राहिलेला श्वास त्याने सोडला, आणि तो इतका मोठा निघाला की टेबलाच्या कडेचं पीठ उडालं. ब्रेनाने त्याच्याकडे पाहिलं, मग बैठकीच्या दाराकडे, आणि मग काही न बोलता ती शेवटचं घुबड रंगवायला बसली.

हायडी बाहेर आली. पास्तीवर, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या त्या जाड करंजीवर, लाल सॉस ओतला, उभ्या उभ्याच एक मोठा घास घेतला.

"मंगळवारी परत वादळ आहे म्हणतात," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "सहाला सोडीन पोरांना."

"बरं."

"आणि काय करायचं ते आदल्या दिवशी लेम्पीला विचारून ठेव. मनानं काही करायचं नाही."

"नाही करणार."

"खिडकीवर काय आहे ते?"

"वादळ," ब्रेना आणि व्हर्न एकदमच म्हणाले, आणि हायडीला घास गिळता गिळता ठसका लागला. व्हर्न तिच्यासाठी पाणी आणायला उठला.